फिरवलेला चौरस

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातले शिरपूर जैन भाविकांना ठाऊक आहे ते अंतरिक्ष पार्श्वनाथासाठी. मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी तिची ख्याती. कथा सांगतात ती अशी, की एलिचपूरच्या राजाने तिच्यासाठी मोठे मंदिर उभारले, पण त्याच्या मनात गर्व शिरला आणि मूर्ती त्या मंदिरात गेलीच नाही. शिरपूरचे जुने दगडी मंदिर, ज्याला पवळी मंदिर म्हणतात, ते आजही उभे आहे. कथेतले खरे-खोटे ज्याने त्याने ठरवावे. इथे प्रश्न वेगळा आहे. त्या मंदिरात अधांतरी असे काहीच नाही. प्रत्येक दगड दुसऱ्या दगडावर टेकलेला आहे, सांध्यांना चुन्याचा आधार नाही, कमान नाही, आणि बांधणाऱ्याजवळ दगडाची ताकद मोजणारे कोणतेही सूत्र नव्हते. मग अशी वास्तू सात-आठशे वर्षे उभी राहते ती कशाच्या बळावर? माझे उत्तर असे, की यादवकाळातल्या सूत्रधारांसाठी, म्हणजे मंदिर आखणाऱ्या मुख्य कारागिरांसाठी, भूमिती हेच बांधकामशास्त्र होते. आकार आधी आणि मजबुतीचा हिशेब नंतर, अशी विभागणी त्यांच्याकडे नव्हती. आकार बरोबर आला की हिशेब झालेला असे. मात्र या पद्धतीला एक नेमकी मर्यादा होती, आणि त्या काळातले सगळे चातुर्य त्या मर्यादेभोवती खर्ची पडलेले दिसते.

हे नीट कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात या शाखेचा राजा हरिषेण राज्य करत होता आणि त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे 16 क्रमांकाचे लेणे कोरवून घेतले. लेण्यातल्या शिलालेखात वत्सगुल्मच्या राजांची वंशावळच आहे. या लेण्याचे दालन सुमारे 20 मीटर बाजूचे आहे. पुढच्या ओवरीच्या छतात लाकडी तुळया आणि वासे असावेत तसे दगडात कोरले आहेत. त्या तुळयांवर छताचा भार नाही, कारण त्या छताचाच भाग आहेत. वरचा डोंगर आपला भार आपणच सांभाळतो. खांबांनाही आधाराइतकेच, कदाचित त्याहून जास्त, दिसण्याचे काम आहे. अर्थात डोंगरही नेहमी ऐकत नाही. अजिंठ्याच्याच 4 क्रमांकाच्या लेण्यात लाव्हाच्या दोन थरांच्या सांध्यावर छताचा मोठा पापुद्रा निखळला आणि कारागिरांना छताची उंची वाढवून काम निभावून न्यावे लागले. तरी मुख्य गोष्ट अशी, की कोरीव लेण्यात माणूस नको तेवढा दगड काढून टाकतो. दगड रचण्याची वेळ आली की हे स्वातंत्र्य संपते. तिथे प्रत्येक चिऱ्याला विचारावे लागते, तुझे वजन तू कुठे टाकणार?

अकराव्या ते तेराव्या शतकात विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात या प्रश्नाला एकाच कुळातली उत्तरे मिळालेली दिसतात. शिरपूरच्या मंदिराची भिंत सरळ जात नाही. ती आत घेते, बाहेर येते, पुन्हा आत घेते, आणि वरून पाहिले तर गर्भगृहाचा तळ चांदणीसारखा दिसतो. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात लोणारचे दैत्यसूदन मंदिर आणि हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ याच तारकाकृती परंपरेतले. ही चांदणी काढायला दोरी, खुंटी आणि गुण्या एवढेच लागते. जमिनीवर एक चौरस आखायचा. मध्यबिंदूवर खुंटी ठोकायची, कोपऱ्यापर्यंतचे अंतर दोरीवर घ्यायचे आणि वर्तुळ फिरवायचे. आता तोच चौरस मध्याभोवती थोडा वळवून पुन्हा आखला, की त्याचे चारही कोपरे त्याच वर्तुळावर पडतात. 45 अंशांनी एकदा वळवला तर आठ टोके मिळतात, 30 अंशांनी दोनदा वळवला तर बारा, साडेबावीस अंशांनी तीनदा वळवला तर सोळा. चार दिशांचे भद्र, म्हणजे भिंतीच्या मधोमध पुढे आलेले भाग, बहुधा सरळच ठेवतात आणि त्यांच्या मधल्या कोपऱ्यांच्या जागी ही फिरवलेली टोके येतात. आकृती गुंतागुंतीची वाटते खरी, पण तिच्यातले प्रत्येक टोक एकाच मापाच्या दोरीने मिळते. हजारो चिरे वेगवेगळ्या हातांनी घडवून नेमके जुळवायचे असतील, तर मापांची संख्या कमीत कमी असणे ही शोभेची बाब राहत नाही.

हे ज्ञान हवेतून आले नव्हते. चौरसाच्या कर्णावर उभारलेला चौरस दुप्पट क्षेत्राचा होतो, हा नियम यज्ञवेदीच्या शुल्बसूत्रांत आहे, आणि कर्णाचे गुणोत्तर 577 भागिले 408 असे तिथे दिले आहे. आजच्या किमतीशी ते पाचव्या दशांश स्थळापर्यंत जुळते. यादवांच्या काळात याच भूमीवर भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास लीलावती लिहिली, आणि चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. लीलावतीत खणलेल्या खड्ड्यांचे, विटांच्या राशींचे आणि लाकूड करवतण्याचे हिशेब आहेत, म्हणजे बांधकामाचा व्यवहार हा गणिताचा विषय होता. तिच्यातली वर्तुळात बसवलेल्या बहुभुजांची यादी पाहण्यासारखी आहे. व्यास 1,20,000 धरला तर आत बसणाऱ्या त्रिकोणाची बाजू 1,03,923, चौरसाची 84,853, पंचकोनाची 70,534, षट्कोनाची 60,000, सप्तकोनाची 52,055, अष्टकोनाची 45,922 आणि नवकोनाची 41,031. आज गणकयंत्रावर पडताळले तर पाच आकडे तंतोतंत बरोबर येतात. फक्त सप्तकोन आणि नवकोन अकराएक एककांनी चुकतात. त्यामागे योगायोग नाही. हे दोन आकार दोरी आणि सरळ पट्टीने अचूक काढताच येत नाहीत, हे युरोपात 1837 मध्ये सिद्ध झाले. मंदिरांच्या तळात आठ, बारा, सोळा हेच आकडे फिरून फिरून येतात. जे दोरीने काढता येते तेच दगडात उतरले.

इथे एक आक्षेप हमखास येतो. पाथरवटाने लीलावती वाचली होती काय? बहुधा नाही, आणि वाचावी लागण्याचे कारणही नव्हते. ग्रंथातले आकडे आणि खुंटीवरची दोरी ही एकाच ज्ञानाची दोन रूपे आहेत, त्यातले एक दुसऱ्यातून निघाले असे मानण्याची गरज नाही. याहून अवघड आक्षेप दुसरा आहे. चांदणीचा आकार धार्मिक किंवा नुसता शोभेचा असेल, त्याला बांधकामाशी जोडणे ही आजच्या इंजिनिअरची हौस असेल. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. चौरस ही वास्तुपुरुषाची भूमी आहे, भिंतीच्या घड्यांवर ऊन-सावली खेळते, मूर्तींना कोनाडे मिळतात. ही सगळी कारणे खरी आहेत. पण एकाच रेषेने दोन कामे केली म्हणून दुसरे काम खोटे ठरत नाही. कागदाचा सरळ तुकडा उभा राहत नाही आणि घड्या घातलेला राहतो, तसेच या भिंतीचे आहे. बाहेर आलेले प्रत्येक टोक हा भिंतीला दिलेला टेकू आहे. तेवढाच दगड सरळ भिंतीत लावला असता तर तळ अरुंद राहिला असता आणि वरच्या भाराने भिंत कलण्याची शक्यता वाढली असती.

कलणे हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण दगडी बांधकामाला खरी भीती कलण्याची असते, चिरडण्याची नसते. वऱ्हाडातला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, घनमीटरला साधारण 2.9 टन भरतो आणि चौरस सेंटिमीटरला 1,000 किलोपेक्षा जास्त दाब सहज सोसतो. यावरून हिशेब मांडला तर या दगडाचा सरळ खांब स्वतःच्या वजनाने तळाशी चिरडण्यासाठी तीन किलोमीटरहून उंच रचावा लागेल. कोणत्याही मंदिराची भिंत या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. म्हणून दगड किती मजबूत, हा प्रश्न भिंतीपुरता जवळजवळ गैरलागू ठरतो. उरतो तो एवढाच, की वजनाची रेषा दगडाच्या आत राहते की बाहेर पडते. तो निव्वळ भूमितीचा प्रश्न आहे. केंब्रिजच्या जॅक हेमन यांनी 1966 मध्ये युरोपातल्या चर्चच्या अभ्यासातून हाच विचार आधुनिक यांत्रिकीच्या भाषेत मांडला. त्यांच्या मांडणीतून एक मोठी गोष्ट निघते. स्थैर्य फक्त प्रमाणावर अवलंबून असेल तर लहान मंदिरावर सिद्ध झालेले प्रमाण मोठ्या मंदिरालाही लागू पडते. गर्भगृहाच्या रुंदीच्या अमुक भागाइतकी भिंत जाड, अमुक भागाइतके जोते उंच, अशी शिल्पग्रंथांतली विधाने आजच्या वाचकाला अंधश्रद्धेसारखी वाटतात. भिंतींच्या बाबतीत तरी ती अगदी शास्त्रशुद्ध आहेत.

छताकडे वळले की हे प्रमाणशास्त्र अडखळते. आडव्या तुळईत वरच्या अंगाला दाब येतो आणि खालच्या अंगाला ताण. दगड दाबात बळकट आणि ताणात त्याच्या दशांशाइतकाच किंवा त्याहून कमी. त्याच जाडीची तुळई दुप्पट अंतरावर टाकली तर स्वतःच्या वजनाने पडणारा ताण चौपट होतो, आणि सगळीच मापे दुप्पट केली तरी तो दुप्पट होतो. म्हणजे लहान मंदिराचे प्रमाण मोठ्या मंदिराच्या तुळईला लागू पडत नाही. हे युरोपात पहिल्यांदा गॅलिलिओने 1638 मध्ये लिहून ठेवले. त्याचे तुळईचे सूत्र पुढे चुकीचे ठरले, पण आकार वाढला की प्रमाण तेच ठेवून चालत नाही, हे त्याचे निरीक्षण टिकले. वऱ्हाडातल्या सूत्रधाराला सूत्र ठाऊक नव्हते, पण तडकलेली तुळई त्याने पाहिली असणारच. त्याचे उत्तर फिरवलेल्या चौरसातच होते. चार खांबांवरच्या चौरस खणाचे चारही कोपरे तिरप्या दगडांनी झाकायचे. मध्ये उरते ते मूळ चौरसापेक्षा 45 अंशांनी वळलेले आणि बाजूने 0.707 पट असलेले तोंड. त्यावर पुन्हा तोच प्रकार. दोन थरांनंतर तोंडाची बाजू निम्मी आणि क्षेत्र पाव झालेले असते. आता त्यावर एकच शिळा ठेवायची, बहुधा खालून कमळ कोरलेली. चार हात अंतरावर टाकावी लागणारी शिळा दोन हातांवर आली आणि त्याच जाडीत तिच्यातला ताण पाव झाला. सूत्र न लिहिता समीकरण सुटले, असे म्हणायला माझी हरकत नाही.

हिशेबाच्या जाणकाराने इथे थांबवायला हवे. निर्दोष बेसाल्टची अडीच मीटर लांब आणि 30 सेंटिमीटर जाड तुळई स्वतःच्या वजनाने मुळीच मोडणार नाही. तिच्यातला ताण तिच्या कुवतीचा अगदी लहानसा भाग असतो. मग एवढी खटपट कशाला? कारण प्रयोगशाळेतला नमुना आणि खाणीतून आलेली तुळई या दोन वेगळ्या वस्तू आहेत. लाव्हा थंड होताना बेसाल्टमध्ये उभ्या-आडव्या भेगा पडतात, त्यामुळे लांब निर्दोष शिळा मिळणेच कठीण. केसासारखी एखादी चीर पाथरवटाच्या नजरेतून सुटली की ताणाखाली ती वाढत जाते, आणि दगड लाकडासारखा वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतो. शिवाय तुळईवर तिचे स्वतःचेच वजन नसते, वरच्या थरांचेही असते. आणि दीड-दोन टनांची शिळा बैलांनी ओढून, उतरणीवरून चढवून नेमकी बसवायची हे वेगळेच. लहान दगडांनी मोठी जागा झाकणे हाच त्या भूमितीचा व्यावहारिक नफा होता. मोठ्या सभामंडपात हीच युक्ती आणखी एक पायरी पुढे गेली. चौरसावर अष्टकोन, त्यावर सोळा बाजूंचा थर, त्यावर वर्तुळ, आणि मग प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा आत सरकवत वर्तुळे लहान करत जायची. थर वर्तुळाकार असला की त्यातले दगड आत घसरायला निघाले तरी एकमेकांना अडवतात. सरळ रेषेत पुढे सरकवलेल्या दगडांना हा आधार मिळत नाही.

आता नावाची गोष्ट. या सगळ्या मंदिरांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. मोडी लिपीपासून बाजरीपर्यंत बरेच काही लोकांनी त्याच्या खात्यावर जमा केले आहे, त्यात मंदिरेही आली. अंबरनाथचे मंदिर शके 982 चे, म्हणजे 1060 चे. हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधीचे. वाशिमला लागून असलेल्या अकोला जिल्ह्यात बार्शीटाकळीच्या मंदिरातला लेख शके 1098 चा, म्हणजे 1176 चा आहे. हेमाद्री तेव्हा जन्मलाही नसावा. मग त्याचे नाव का चिकटले? एक कारण असे दिसते, की दरबारातला विद्वान मंत्री लोकांच्या लक्षात राहतो आणि सूत्रधाराचे नाव राहत नाही. चुन्याशिवाय रचण्याची पद्धत कुणा एका माणसाने एका दिवशी शोधून काढलेली नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या एका हातातून दुसऱ्या हातात गेलेली रीत आहे, आणि बार्शीटाकळी व शिरपूर ही तिची वऱ्हाडातली ठिकाणे. अकोला आणि वाशिम हे जिल्हे तर 1 जुलै 1998 पर्यंत एकच होते. ही सीमा मंदिरांना ठाऊक नाही.

शेवटचा आक्षेप कमानीचा. भूमितीत इतके तरबेज असलेल्यांनी कमान का बांधली नाही? कमानीत दगडाला ताण येतच नाही, सगळा दाब असतो, म्हणजे तुळईची अडचणच मिटते. टांगलेली साखळी जो आकार घेते तो उलटा केला की तोच कमानीचा सर्वांत बरा आकार, हे रॉबर्ट हूकने 1675 मध्ये कोड्याच्या रूपात छापले. पण कमानीची किंमत असते. ती बाजूंना रेटते, अहोरात्र रेटते, आणि तो रेटा अडवणारी जाड भिंत किंवा शेजारची दुसरी कमान लागते. बांधताना खाली लाकडाचा साचा लागतो, सांधे भरायला चांगला चुना लागतो. छताचा भार सरळ खाली नेणारी पद्धत ज्याच्या हाती आहे आणि ज्याला मोठे मोकळे दालन नकोच आहे, त्याला हे सगळे विकत घ्यायचे कारण नव्हते. गर्भगृह लहानच हवे होते, मंडपात खांब चालत होते. कमान आली ती वेगळी गरज घेऊन. अकोला जिल्ह्यातल्या नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा 1487 चा आहे. बहमनी काळात दरवाज्यांना, मशिदींना आणि कबरींना मोकळी रुंदी हवी होती, आणि ती तुळईने देता येत नव्हती.

तरीही जुनी भूमिती मेली नाही, आणि हे मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत बोलके प्रकरण वाटते. विजापूरचा गोल घुमट 1656 मध्ये पुरा झाला. आतले दालन सुमारे 41 मीटर बाजूचे आणि मध्ये एकही खांब नाही. बाहेरून 44 मीटर व्यासाचा घुमट पेलायला तिथे आठ कमानी एकमेकींना छेदत उभ्या केल्या आहेत, आणि त्या कमानींचा आराखडा म्हणजे 45 अंशांनी वळवलेले दोन चौरस. शिरपूरच्या भिंतीत जो आकार टेकू झाला होता आणि मंडपाच्या छतात जो शिळेचे अंतर कमी करत होता, तोच इथे घुमटाच्या रेट्याला आत ओढून धरतो. सामग्री बदलली, राज्य बदलले, धर्म बदलला. दोरी आणि खुंटी तीच राहिली. विजापूरच्या कारागिरांनी वऱ्हाडातल्या मंदिरांवरून हे घेतले, असा दावा मी करत नाही. वळवलेल्या चौरसाची परंपरा मध्य आशियातही स्वतंत्रपणे होती. दोन परंपरा दख्खनमध्ये एकाच आकृतीवर येऊन मिळाल्या, एवढे मात्र डोळ्यांना दिसते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत भवानी काळू यांनी वाशिमचे बालाजी मंदिर बांधले, तेव्हा दगडी खांब आणि कमान एकाच आवारात नांदण्याला कुणाला काही वेगळे वाटत नव्हते.

या पद्धतीचे दोष लपवण्यात हशील नाही. यादवकालीन भिंती बाहेरून आणि आतून घडीव चिऱ्यांच्या असतात, मध्ये मात्र बऱ्याचदा डबर भरलेला असतो. दोन्ही अंगे जोडणारे आरपार दगड कमी पडले की पाऊस आत झिरपतो, भरणी फुगते आणि बाहेरची भिंत पोट काढते. वऱ्हाडातल्या बहुतेक मंदिरांवर मूळ शिखर आज पूर्ण उरलेले नाही, त्यात स्वाऱ्यांइतकाच वाटा या झिरपण्याचा आणि भिंतीत मुळे घुसवणाऱ्या वड-पिंपळांचा असावा. म्हणून अशा मंदिराची दुरुस्ती हाती घेताना दगडाचा नमुना चिरडून त्याची ताकद मोजण्याचा फारसा उपयोग नसतो. ओळंबा सोडून भिंत किती कलली, दोन खांबांमधले अंतर वर आणि खाली सारखे आहे का, तुळईच्या खालच्या अंगाला चीर आहे का, हे पाहावे लागते. कोरडे सांधे सिमेंटने बंद केले तर दगडाला सरकून जुळवून घ्यायची जी मोकळीक होती ती जाते आणि आत शिरलेले पाणी बाहेर पडायची वाटही बंद होते. मापे घ्यायची ती आधी दोरीने, मग यंत्राने.